माळाला ‘पडीक’ म्हणू नका

विद्यार्थी मित्रांनो, मी महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवतो. गवताबद्दल लिहिण्याचा अधिकार वनस्पतिशास्त्राच्या प्राध्यापकांचा, हे मला मान्य आहे. तरीही हा लेख मी लिहीत आहे, कारण गवताच्या बाबतीत माझ्या हातून एक चूक झाली आणि तीच चूक दर पावसाळ्यात अनेक शाळा-महाविद्यालये मोठ्या उत्साहाने करीत असतात. कदाचित तुमची शाळाही त्यांत असेल.

२०११ सालच्या जुलै महिन्यातील गोष्ट. आमच्या महाविद्यालयातील राष्ट्रीय सेवा योजनेचे काम तेव्हा माझ्याकडे होते. बारामती तालुक्याच्या पश्चिमेकडील एका माळावर आम्ही साठ-सत्तर विद्यार्थी घेऊन गेलो. बरोबर कुदळी, फावडी आणि टेम्पोभर गिरिपुष्पाची रोपे होती. दोन-तीन पाऊस होऊन गेले होते आणि माळ नुकताच हिरवा होऊ लागला होता. आम्ही दोरी लावून रांगा आखल्या व खड्डे घेऊ लागलो. तेवढ्यात मेंढरांचा कळप घेऊन एक वयस्कर धनगर तेथे आले आणि काठीवर हनुवटी टेकून बराच वेळ आमचे काम पाहत राहिले.

“मास्तर, ह्ये काय चाललंय?” त्यांनी विचारले.

“झाडं लावतोय, मामा. माळ उघडा पडलाय.”

“उघडा कुठं? गवात हाय की!” असे म्हणून ते खाली वाकले. मला एकसारखीच दिसणारी दोन-तीन पाती त्यांनी बोटांनी वेगळी करून दाखवली. “ह्यो पवन्या. ह्यो मारवेल. ह्यी कुसळी. दिवाळीपातूर मेंढरं ह्याच्यावरच जगत्यात. ह्ये उपटून झाड लावताय व्हय?”

मी हसून वेळ मारून नेली. शिकलेल्या माणसाला अशा वेळी जसे वाटते तसेच मला वाटले, की बिचाऱ्यांना पर्यावरणाचे महत्त्व कोणी सांगितलेले नाही. दुसऱ्या वर्षी मे महिन्यात मी त्या माळावर पुन्हा गेलो. बहुतेक रोपे वाळून गेली होती. प्रत्येक खड्ड्याभोवती आम्ही उपसलेल्या मुरुमाचा ढीग तसाच पडून होता आणि त्या ढिगावर गवताची एक काडी नव्हती. बाकीचा माळ मात्र वाळलेल्या, सोनेरी गवताच्या ठोंबांनी भरलेला होता. एका हिरव्यागार माळाला आम्ही शेकडो भोके पाडून आलो होतो, एवढाच त्या वृक्षारोपणाचा हिशेब. त्यानंतर मी गवताविषयी वाचू लागलो. जे समजले त्यातले थोडे तुम्हांला सांगतो.

सुरुवात ‘पडीक’ या शब्दापासून करू. इंग्रजी अमदानीत ज्या जमिनीतून सारा वसूल होत नाही ती जमीन वाया गेलेली, असा महसुली हिशेब होता. सरकारला पैसा मिळत नाही म्हणून ती पडीक. तिथे काही उगवत नाही म्हणून नव्हे! राज्य गेले, पण शब्द राहिला. आजही देशातील पडीक जमिनींचे जे सरकारी नकाशे निघतात, त्यांत चराऊ माळांचा मोठा भाग ‘पडीक’ म्हणूनच रंगवलेला असतो. खरे तर आपल्या भाषेत याहून चांगले शब्द होते. गावाच्या गुरांसाठी सोडलेली जमीन ती गायरान. गवतासाठी राखलेली ती कुरण. मराठ्यांच्या घोडदळासाठी अशी कुरणे मुद्दाम राखली जात. ज्यांना घोड्यांच्या पोटाची काळजी होती, त्यांनी गवताच्या जमिनीला पडीक म्हटले नसते.

आता तुम्ही म्हणाल, “पण सर, पूर्वी इथे जंगल असेल, ते तुटले आणि मग माळ झाला असेल.” काही ठिकाणी असे घडले आहे, हे खरे. पण सगळे माळ असे झालेले नाहीत. येथे माझ्या विषयाची थोडी मदत होते. कार्बनचे अणू सगळे सारख्या वजनाचे नसतात. बहुतेकांचा अणुभारांक १२ असतो, शेकडा एकाच्या आसपास अणूंचा १३. झाडे आणि उष्ण प्रदेशातील गवते यांची प्रकाशसंश्लेषणाची पद्धत वेगळी असल्याने त्यांच्या शरीरात या दोन कार्बनांचे प्रमाण किंचित वेगळे पडते. जनावराने गवत खाल्ले, की तो फरक त्याच्या दातांत उतरतो. गवत कुजले, की मातीतल्या चुनखडीत उतरतो. लाखो वर्षांनंतरही तो मोजता येतो. हिमालयाच्या पायथ्याच्या शिवालिक टेकड्यांतील थर अशा रीतीने तपासले गेले, तेव्हा असे दिसले, की सुमारे ७० ते ८० लाख वर्षांपूर्वी तेथे या गवतांचा मोठा प्रसार झाला. शिवालिक आपल्यापासून दूर आहे हे खरे. पण या उपखंडात गवताळ प्रदेश माणसाच्या कुऱ्हाडीच्या कितीतरी आधीपासून आहेत, एवढे त्यावरून निश्चित समजते.

आपल्या दख्खनच्या पठारावर, सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत, वर्षाकाठी साधारण ५०० ते ६०० मिलिमीटर पाऊस पडतो. तोही चार महिन्यांत. माळावर मातीचा थर वीतभर, खाली मुरूम आणि त्याखाली काळा पाषाण. अशा जागी मोठ्या झाडाने पाय रोवायचे कुठे? गवताचा संसार मात्र यात छान बसतो. पाऊस आला की वाढायचे, दिवाळीपर्यंत बी टाकायचे आणि उरलेले आठ महिने जमिनीखाली मुळांत आपली पुंजी सांभाळून झोपायचे. उन्हाळ्यात माळ मेलेला दिसतो तो केवळ वरवर. गवताच्या शरीराचा मोठा भाग जमिनीखाली असतो आणि तो जिवंत असतो.

माळावरची बहुतेक गवते ऊस, ज्वारी आणि बाजरी यांच्या पद्धतीने प्रकाशसंश्लेषण करतात. ही पद्धत हॅच आणि स्लॅक या शास्त्रज्ञांनी ऑस्ट्रेलियात उसाच्या पानांवर प्रयोग करून १९६६ साली उलगडली. तिच्यात हवेतला कार्बन डायऑक्साइड पानात आधी गोळा करून मग वापरला जातो. त्यामुळे पर्णरंध्रे फार वेळ उघडी ठेवावी लागत नाहीत आणि पाणी वाचते. तीव्र ऊन आणि थोडे पाणी, अशा ठिकाणी ही युक्ती किती मोलाची आहे, हे सोलापूर-नगरकडच्या मुलांना वेगळे सांगायला नको.

या गवतांचे मूल्य आपण ओळखत नाही, याचे एक कारण म्हणजे ते आपल्याला खाता येत नाही. हेही जरा नवलच आहे. पोळीतले पिष्ट आणि गवतातले सेल्युलोज हे दोन्ही ग्लुकोजच्याच कड्यांच्या साखळ्या आहेत. फरक एवढाच, की कड्या एकमेकींना जोडण्याची तऱ्हा निराळी आहे. पिष्टाची जोडणी आपल्या पोटातील पाचकरस सहज तोडतात. सेल्युलोजची जोडणी आपल्याला तुटत नाही. आणखी मौज अशी, की ती गाईलाही तुटत नाही, मेंढीलाही नाही आणि काळविटालाही नाही! त्यांच्या पोटाचा पहिला मोठा कप्पा म्हणजे एक आंबवण्याचा रांजण असतो. मोठ्या गाईत तो शंभर लिटरहून अधिक भरतो. त्यात अब्जावधी जिवाणू आणि इतर सूक्ष्मजीव राहतात. ते सेल्युलोज फोडतात व त्यापासून सौम्य आम्ले तयार करतात. त्यांत शिरक्यातले आम्लही असते. ही आम्ले रक्तात शोषली जातात आणि त्यांवर जनावराचे शरीर चालते. पुढे ते सूक्ष्मजीवही आतड्यात जाऊन पचतात आणि प्रथिने पुरवतात. गाय गवत खाते असे आपण म्हणतो. पण ती गवतावर सूक्ष्मजीवांची शेती करते, असे म्हटले तरी चालेल. आपल्या दृष्टीने निरुपयोगी असलेल्या काडीपासून दूध, लोकर, कातडे आणि शेणखत तयार होते ते या रांजणामुळे.

गवतानेही चरणाऱ्या जनावरांशी जमवून घेतले आहे. झाडाचा शेंडा खुडला तर त्याची वाढ खुंटते, कारण वाढीचा कोंब शेंड्याला असतो. गवताचा वाढीचा भाग बुंध्याशी, जमिनीलगत असतो. तुमचे नख कापले तरी ते मागून वाढत राहते, तसेच हे. मेंढीने वरचे पाते खाल्ले तरी खालून नवे येते. मात्र गवत अगदीच दुबळे नाही. त्याच्या पात्यात सिलिकाचे, म्हणजे वाळूच्याच पदार्थाचे, सूक्ष्म कण असतात. त्यामुळेच गवताचे पाते बोटावरून ओढले तर कापते. हे वाळूमिश्रित अन्न जन्मभर चावायचे म्हणून चरणाऱ्या प्राण्यांचे दात उंच आणि टिकाऊ बनले. घोड्याचा किंवा बैलाचा जबडा कधी शाळेच्या संग्रहात पाहायला मिळाला, तर दाढा नीट पाहा.

सर्व गवतांची किंमत सारखी नसते आणि येथेच त्या धनगर मामांचे ज्ञान माझ्या पदवीपेक्षा पुढचे ठरते. १९७३ साली दबडघाव आणि शंकरनारायण या दोन शास्त्रज्ञांनी भारतातील गवताळ आच्छादनाचा मोठा ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यात त्यांनी देशातील गवतांचे पाच मुख्य प्रकार पाडले आणि द्वीपकल्पाच्या भागाला सेहिमा व डायकँथियम या दोन प्रजातींचे नाव दिले. आपला पवन्या पहिल्या प्रजातीतला, मारवेल दुसरीतला. चांगल्या, जपलेल्या माळावर ही रसाळ गवते अधिक दिसतात. चराई फार झाली की जनावरे साहजिकच त्यांनाच आधी संपवतात आणि कुसळीचे प्रमाण वाढते. तरीही चराई थांबली नाही तर कुसळीही हटते आणि तोकडी, काटक, कमी पौष्टिक गवते येतात. शेवटी तरवडासारखी, जनावरे तोंड न लावणारी झुडपे उरतात. म्हणजे माळावर कोणते गवत आहे हे पाहून त्या माळाची प्रकृती सांगता येते, वैद्याने नाडी पाहावी तशी. गवतात मधूनमधून रानमुगासारख्या शेंगा धरणाऱ्या वेलीही असतात. त्यांच्या मुळांवरच्या गाठींतील जिवाणू हवेतला नायट्रोजन पकडतात, आणि त्यांचा पाला प्रथिनांनी अधिक भरलेला असतो. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाने मारवेलच्या सुधारित जाती तयार केल्या आहेत. ज्या वनस्पतीवर कृषी विद्यापीठे संशोधन करतात, तीच माळावर आपण होऊन उगवली की तिला आपण तण म्हणतो!

कुसळीविषयी थोडे अधिक सांगितल्याशिवाय मला राहवत नाही, कारण त्यात भौतिकशास्त्र आहे. कोवळी असताना कुसळी हा बरा चारा आहे. बी धरले, की तीच मेंढपाळाची शत्रू होते. तिच्या बीला सुईसारखे टोक असते, टोकाजवळ उलटे केस असतात आणि मागे लांब, काळपट, पीळ असलेली शेपटी असते. शेपटीतील पेशींचे थर ओलाव्याने सारखे फुगत नाहीत. त्यामुळे दमट हवेत पीळ उलगडतो आणि कोरड्या हवेत पुन्हा बसतो. बी स्वतःभोवती फिरते, टोक मातीत घुसते आणि उलटे केस ते मागे येऊ देत नाहीत. हवेतली आर्द्रता रात्री वाढते, दिवसा घटते. त्यामुळे इंधन किंवा यंत्र यांवाचून हे गिरमिट चालू राहते! रॉबर्ट हूक या शास्त्रज्ञाने १६६५ साली रानओटच्या अशाच कुसळापासून आर्द्रतामापक बनवण्याची युक्ती वर्णिली होती. १८७६ साली चार्ल्स डार्विनचा मुलगा फ्रान्सिस याने अशा बियांच्या जमिनीत घुसण्याचा अभ्यास प्रसिद्ध केला. तुम्हीही दिवाळीनंतर एक कुसळ आणून ते साबणाच्या वडीत उभे खोचा, वरच्या टोकाला कागदाचा हलका काटा चिकटवा आणि शेपटीवर पाण्याचा एक थेंब सोडा. काटा घड्याळासारखा फिरेल. हेच गिरमिट मेंढीच्या लोकरीत शिरले की कातडीपर्यंत जाते आणि जखम करते. ज्या गुणामुळे गवत माळावर टिकते, त्याच गुणामुळे एका ठरावीक हंगामात ते जनावराला नकोसे होते. केव्हा कुठल्या माळावर कळप न्यायचा आणि केव्हा न्यायचा नाही, हे धनगराला जे समजते ते यातूनच.

आणि माळ केवळ पाळीव जनावरांचा नाही. काळवीट पळण्यासाठी आणि दूरवर पाहण्यासाठी मोकळी जमीन मागते. चिंकारा, खोकड, लांडगा हे सगळे उघड्या माळाचे रहिवासी. माळटिटवी, धाविक आणि चंडोल जमिनीवरच अंडी घालतात. माळढोकाचे तर नावच माळावरून आले आहे. पंधरा किलोपर्यंत वजन भरणारा हा पक्षी उघड्या जमिनीवर बहुधा एकच अंडे घालतो. आज साऱ्या देशात मिळून माळढोक दीडशेच्या आसपासच उरले आहेत आणि तेही बहुतांश राजस्थानात. आपल्याकडे त्याच्यासाठी सोलापूरजवळ नान्नजच्या परिसरात १९७९ साली अभयारण्य झाले. रेहेकुरीचे काळविटांचे अभयारण्य १९८० सालचे, सुप्याचे चिंकाऱ्यांचे मयूरेश्वर अभयारण्य १९९७ सालचे. शेवटची दोन्ही इतकी लहान आहेत, की तुमच्यातला चांगला चालणारा मुलगा एका सकाळी त्यांच्या एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला जाईल. अभयारण्याच्या खांबाबाहेरचा जो माळ आहे, त्यावरच यातील बहुतेक प्राणी जगतात. अशा जागी आम्ही दाट ओळींनी लावतो ते गिरिपुष्प मुळात मध्य अमेरिकेतले झाड. ते जगले, तर त्याच्या सावलीत ऊन मागणारे गवत विरळ होते. उघड्यावर राहणाऱ्या पक्ष्याला तर झाडांची भिंत म्हणजे शत्रूला लपायला मिळालेली आयती जागा.

तुम्ही झाडांच्या विरुद्ध आहात का, असे मला काही सहकारी विचारतात. मुळीच नाही. ओढ्याच्या काठी, गावात, शाळेच्या आवारात, सह्याद्रीच्या उजाड झालेल्या उतारांवर झाडे जरूर लावावीत. माळावरही एखादी बोर, एखादा हिवर आपण होऊन उभा असतो, त्याला कोणी हात लावू नये. माझा आक्षेप आहे तो ‘झाड नाही म्हणजे काहीच नाही’ या हिशेबाला. याच हिशेबाने आता माळांवर सौर ऊर्जेचे मोठे प्रकल्पही येऊ लागले आहेत. वर्गात मी सौरघटाचा धडा अगदी मनापासून शिकवतो, म्हणून हे लिहिताना मला अवघड वाटते. पण जागा रिकामी आहे असे म्हणण्यापूर्वी तिथे कोण चरते, हे विचारायला काय हरकत आहे?

दुसरा आक्षेप अधिक खरा आहे. आपले बरेच माळ चरून चरून झिजले आहेत. जनावरे वाढली, गायराने आक्रसली, आणि उरलेल्या तुकड्यांवर सगळ्यांचा भार आला. त्यावर उपाय जुनाच आहे. माळाचा एक भाग पावसाळाभर राखायचा, गवताला बी धरू द्यायचे आणि मग कापून न्यायचे किंवा चारायचे. पुढच्या वर्षी दुसरा भाग. दिवाळीनंतर आपले धनगर कळप घेऊन कोकणाकडे उतरतात, वाटेत शेतांत मेंढरे बसवून खत देतात आणि पावसाच्या सुमारास परत येतात. या फिरतीमुळे माळाला जी विश्रांती मिळते, तिचा आपण कधी विचारच केला नाही. लांडगा एखादे कोकरू नेतो आणि त्याचा तोटा या गरीब माणसाला एकट्याला सोसावा लागतो, हेही आपण विचारात घेत नाही. ज्याच्या जिवावर माळ आणि लांडगा दोन्ही टिकले, त्याला आपण माळाचे नुकसान करणारा ठरवून मोकळे होतो. संयुक्त राष्ट्रांनी २०२६ हे चराऊ प्रदेशांचे आणि पशुपालकांचे आंतरराष्ट्रीय वर्ष म्हणून जाहीर केले. आपल्याकडे किती शाळांच्या फळ्यांवर ते लिहिले गेले असेल, याची मला शंकाच आहे.

शिक्षक मित्रांना एक सुचवावेसे वाटते. निसर्ग म्हटला की आपल्या तक्त्यांत घनदाट जंगल, धबधबा आणि वाघ असतो. महाराष्ट्राच्या अर्ध्याअधिक मुलांनी यातले काही प्रत्यक्ष पाहिलेले नसते. त्यांच्या शाळेमागे माळ असतो आणि त्याचे चित्र मात्र कोठेही नसते. येत्या भाद्रपदात, गवत तुऱ्यावर आले की, वृक्षारोपणाऐवजी एक तास मुलांना तेथे न्या. दोरीचा एक मीटर लांब, एक मीटर रुंद असा चौकोन जमिनीवर टाका आणि त्यात किती तऱ्हेची गवते आहेत ती मोजायला सांगा. पहिल्यांदा मुले दोन किंवा तीन म्हणतील. तुरे नीट पाहायला सांगितले की संख्या वाढेल. प्रत्येकाची एकेक काडी जुन्या वर्तमानपत्रात दाबून वाळवा, कार्डावर चिकटवा आणि नावाची जागा कोरी ठेवा. मग ती कार्डे घेऊन गावातल्या मेंढपाळाकडे किंवा ज्यांनी लहानपणी गुरे राखली आहेत अशा आजोबांकडे जा. ते नाव सांगतील आणि न विचारता हेही सांगतील, की हे गवत शेळी खाते की म्हैस, कोवळे खाते की वाळलेले, आणि कोणते खाऊन दूध वाढते. तेही नावाशेजारी लिहून घ्या. वाळल्यावर ओळखता न येणाऱ्या काड्या बऱ्याच निघतील. म्हणून पहिल्या खेपेला आजोबांनाच माळावर घेऊन गेलात तर अधिक बरे.